तांबडी पेशी, औषध आणि पानाचा अर्क

रोग बरा करणारे औषध ज्या रक्तातून शरीरभर पोहोचते, त्याच रक्ताची ते कधीकधी हानी करते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. औषधामुळे तांबड्या रक्तपेशींची संख्या किंवा त्यांतील हिमोग्लोबिन घटले, की त्या अवस्थेला औषधजन्य रक्तक्षय म्हणतात. शंभर मिलिलिटर रक्तात प्रौढ पुरुषाच्या बाबतीत १३ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. ही हानी टाळण्यासाठी वनस्पतींच्या अर्कांचा उपयोग होईल का, या प्रश्नावर भारतापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंतच्या प्रयोगशाळांमध्ये गेली काही दशके संशोधन चालू आहे. या संशोधनाचे मोल जाणायचे असेल, तर औषध पेशीला नेमके कुठे इजा करते आणि अर्क त्या जागी पोहोचतो का, हे दोन प्रश्न प्रत्येक दाव्याला विचारावे लागतात. प्रस्तुत प्रकरणाची मांडणी याच दोन प्रश्नांभोवती केली आहे.

रक्तक्षयाच्या तीन वाटा

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून जुन्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तनिर्मितीच्या ऊतीला, दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. निर्मिती आणि नाश यांचा हा तोल औषधे तीन वाटांनी बिघडवू शकतात.

पहिली वाट रक्तस्रावाची आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास जठराच्या अस्तराला इजा होते, तिथून थोडेथोडे रक्त झिरपत राहते आणि शरीरातील लोहाचा साठा महिनोन्महिने घटत जातो. दुसरी वाट निर्मिती मंदावण्याची आहे. एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन हे औषध मज्जेतील पेशींच्या विभाजनात अडथळा आणते, मेथोट्रेक्सेट फोलेट या जीवनसत्त्वाचा वापर रोखते, तर कर्करोगावरील सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला इजा करून तेथे तयार होणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या रक्तनिर्मितीस चालना देणाऱ्या संप्रेरकाचा पुरवठा कमी करते. क्लोरॅम्फेनिकॉल या एकेकाळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकामुळे क्वचित एखाद्या रुग्णाची मज्जाच निकामी होते, आणि याच भीतीपोटी त्याचा पोटातून घेण्याचा वापर बहुतेक ठिकाणी मागे पडला.

तिसरी वाट तयार पेशी अकाली फुटण्याची आहे, तिला रक्तविलयन म्हणतात. तिचेही दोन प्रकार आहेत. मिथिलडोपा, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन यांसारख्या औषधांमुळे काही जणांच्या शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि प्रतिकारयंत्रणाच त्या पेशी नष्ट करू लागते. प्रायमाक्विन व डॅप्सोन यांसारख्या औषधांच्या बाबतीत मात्र प्रतिपिंडांचा संबंध नसतो, कारण तेथे औषधापासून शरीरात तयार होणारी रसायने पेशीतील घटकांचे थेट ऑक्सिडीभवन करतात. वनस्पतींच्या अर्कांविषयीचे बहुतेक संशोधन या शेवटच्या प्रकाराभोवती फिरते, आणि त्यातून आलेला निष्कर्ष उरलेल्या सगळ्या वाटांना परस्पर लागू करणे ही लोकप्रिय लेखनातील सर्वांत मोठी गफलत आहे.

पेशीच्या आतील बचावफळी

परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. तिची जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनच्या सुमारे २७ कोटी रेणूंनी व्यापलेली असते. ऑक्सिजन वाहून नेणे हे तिचे काम असल्यामुळे तिच्यात ऑक्सिजन आणि लोह सतत एकमेकांच्या सान्निध्यात असतात, आणि या सान्निध्यातून पेरॉक्साइडसारखे घातक ऑक्सिकारक पदार्थ थोड्या प्रमाणात नेहमीच निपजत असतात. त्यांचा निचरा करण्याचे काम मुख्यतः ग्लुटाथायोन हा लहानसा रेणू करतो. एकदा वापरला गेलेला ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी एनएडीपीएच नावाचा सहघटक लागतो आणि तो सहघटक तयार करणारे प्रमुख विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, ज्याला संक्षेपाने जी६पीडी म्हणतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन.

ऑक्सिकारक पदार्थांचा मारा या बचावफळीच्या क्षमतेपलीकडे गेला, की हिमोग्लोबिनची रचना बिघडते आणि उकडलेल्या अंड्यातील पांढरा भाग घट्ट व्हावा तसे त्याचे गोळे पेशीच्या पटलाला आतून चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन संशोधकाने १८९० मध्ये त्यांचे वर्णन केल्यामुळे ते हाइन्झ पिंड या नावाने ओळखले जातात. असे पिंड असलेली पेशी लवचीक राहत नाही, प्लीहेच्या अरुंद वाटांतून जाताना ती अडकते आणि तेथील भक्षकपेशी तिला नष्ट करतात. काही पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, मोकळे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि लघवी काळपट तांबडी होते.

काही लोकांमध्येच प्रायमाक्विनने असे का घडते, याचा उलगडा १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर झालेल्या प्रयोगांतून झाला. तुरुंगात दिलेली संमती खरोखर मुक्त असू शकते का, हा गंभीर नैतिक प्रश्न त्या प्रयोगांबाबत पुढे उपस्थित झाला आणि तो आजही वैद्यकीय नीतिशास्त्राच्या चर्चेत आहे. किरणोत्सारी क्रोमियमची खूण केलेल्या पेशी एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला देऊन संशोधकांनी दाखवले की दोष व्यक्तीच्या इतर अवयवांत नसून पेशीतच असतो, आणि वयाने जुन्या पेशी आधी फुटतात. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोष म्हणजे जी६पीडी विकराची कमतरता असल्याचे सिद्ध केले.

या विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ही कमतरता पुरुषांत अधिक ठळकपणे प्रकटते. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ती असल्याचा अंदाज आहे. भारतात तिचे जे जनुकीय प्रकार प्रामुख्याने आढळतात त्यांपैकी एक केरळ-कल्याण या नावाने ओळखला जातो, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण शहराचे नाव रक्तविज्ञानाच्या जागतिक वाङ्मयात या निमित्ताने कायमचे नोंदले गेले आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने या प्रकारांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि त्यांचा नायनाट करण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमानुसार शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२५ मिलिग्रॅम प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते, त्यामुळे गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला लघवीच्या रंगाची चौकशी करणे आवश्यक ठरते. डॅप्सोनचा इतिहासही याच भूमीशी जोडलेला आहे, कारण वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीने गावोगाव जे कार्य उभे केले त्याचा औषधी आधार डॅप्सोन हाच होता. आजच्या बहुविध औषधोपचारातही प्रौढ कुष्ठरुग्णाला ते रोज १०० मिलिग्रॅम दिले जाते. यकृतात डॅप्सोनपासून हायड्रॉक्सिलअमाइन प्रकारचे रसायन तयार होते आणि तेच तांबड्या पेशींना इजा करते. विकर पुरेसे असलेल्या रुग्णातही थोडेफार रक्तविलयन होते, ते मात्रेनुसार वाढते, आणि विकर कमी असेल तर ते तीव्र होऊ शकते.

प्रयोगशाळेतील रक्तक्षय

वनस्पतींच्या अर्कांची परीक्षा घेण्यासाठी संशोधक बहुतेक वेळा फिनाइलहायड्राझिन हे रसायन वापरतात. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८७५ मध्ये शोधले आणि त्याच्या साहाय्याने पुढे शर्करांची रचना उलगडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, रक्तपेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकारावर औषध म्हणूनही त्याचा वापर झाला, कारण ते तांबड्या पेशी हमखास नष्ट करते. या गुणामुळेच ते आज प्रयोगशाळेत उपयोगी पडते. उंदराला त्याची इंजेक्शने दिली की काही दिवसांत हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते, रक्ताच्या नमुन्यात हाइन्झ पिंड दिसतात, प्लीहा वाढते आणि मज्जा नव्या पेशी वेगाने बाहेर सोडू लागते.

अर्क तयार करण्याची रीत तशी सरळ असते. पाने, साल किंवा मूळ सावलीत वाळवून त्याची पूड करतात, ती पाणी, अल्कोहोल किंवा दोहोंच्या मिश्रणात भिजवून गाळतात आणि द्रावक उडवून उरलेला घट्ट अर्क ठरावीक मात्रेत प्राण्यांना देतात. एका गटाला केवळ रसायन, दुसऱ्याला रसायन आणि अर्क, तिसऱ्याला रसायन आणि ज्ञात औषध, तर चौथ्याला यांपैकी काहीही न देता सर्वांच्या रक्ताची तुलना केली जाते.

अशा प्रयोगांत तपासलेल्या अनेक वनस्पती मराठी वाचकाच्या नित्य परिचयाच्या आहेत. टोगो या पश्चिम आफ्रिकी देशातील संशोधकांनी २००८ मध्ये सागाच्या पानांचा अर्क फिनाइलहायड्राझिनने रक्तक्षय झालेल्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि कोवळ्या तांबड्या पेशी यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. ज्वारीच्या खोडाला वेढणारा पानाचा तांबूस तळभाग पश्चिम आफ्रिकेत रक्तवाढीसाठी परंपरेने वापरला जातो आणि त्याचाही असाच अभ्यास झाला आहे. शेवग्याची पाने आणि बीट यांच्यावरही या धर्तीचे प्रयोग झाले आहेत. या अर्कांत फ्लॅव्होनॉइडे आणि टॅनिने यांसारखी पॉलिफेनॉले असतात, क जीवनसत्त्व असते, कधी लोह व फोलेटही असते. पॉलिफेनॉले ऑक्सिकारक पदार्थांना निष्प्रभ करू शकतात आणि परीक्षानळीत ठेवलेल्या तांबड्या पेशींचे रक्षण करताना ती स्पष्टपणे दिसतात, म्हणून पेशीच्या शरीरातील रक्षणासाठीही ती उपयोगी ठरतील ही अपेक्षा अवाजवी नाही.

निष्कर्ष पारखण्याच्या कसोट्या

अपेक्षा वाजवी असली तरी ती सिद्ध झाली असे म्हणण्यापूर्वी प्रयोगाची रचना बारकाईने पाहावी लागते. पहिली कसोटी काळाची आहे. अर्क रसायनाच्या आधी किंवा सोबत दिला असेल, तर प्रश्न संरक्षणाचा असतो, आणि रसायनानंतर दिला असेल तर प्रश्न भरपाईचा असतो. सागाच्या पानांच्या अभ्यासात अर्क नंतर देण्यात आला होता, म्हणून त्यातून नव्या पेशींच्या निर्मितीला चालना मिळाल्याचा संकेत मिळतो, मात्र पेशी फुटण्यापासून वाचल्या असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय निरोगी उंदीर रसायन थांबल्यावर काही आठवड्यांत आपोआप सावरतो, त्यामुळे अर्काचे श्रेय केवळ सुधारणा झाली यावर ठरत नाही, अर्क न मिळालेल्या गटापेक्षा ती लवकर झाली का यावर ठरते.

दुसरी कसोटी रसायनशास्त्राची आहे. फिनाइलहायड्राझिन शर्करांशी सहज संयोग पावते आणि फिशर यांनी शर्करा ओळखण्यासाठी याच गुणाचा उपयोग केला होता. अर्क आणि रसायन एकाच वेळी एकाच मार्गाने दिल्यास अर्कातील शर्करा व तत्सम घटक रसायनाला रक्तात पोहोचण्यापूर्वीच बांधून ठेवू शकतात. असे झाल्यास पेशी वाचलेल्या दिसतात, पण ते संरक्षण त्या एका रसायनापुरतेच असते आणि प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन घेणाऱ्या रुग्णाला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

तिसरी कसोटी मोजमापाची आहे. हिमोग्लोबिनची पातळी रक्ताच्या ठरावीक आकारमानामागे मोजली जाते. अर्क लघवीचे प्रमाण वाढवणारा असेल, तर रक्तातील पाणी घटून तीच पातळी वाढलेली भासते, प्रत्यक्षात एकही पेशी वाढलेली नसते. म्हणून उत्तम प्रयोगांत हिमोग्लोबिनसोबत हाइन्झ पिंडांची संख्या, कोवळ्या पेशींचे प्रमाण, पेशीतील ग्लुटाथायोन आणि पटलातील स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीभवनाचे मापनही केले जाते.

चौथी कसोटी पेशीच्या जीवशास्त्राची आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. हळदीतील करक्युमिन किंवा कोबीवर्गीय भाज्यांतील सल्फोराफेन हे पदार्थ पेशीच्या केंद्रकातील जनुकांना जागे करून पेशीची स्वतःची बचावयंत्रणा वाढवतात, असे अनेक ऊतींमध्ये दिसून आले आहे. तांबड्या पेशीत केंद्रकच नसल्यामुळे रक्तात आधीच फिरत असलेल्या पेशींवर हा परिणाम घडूच शकत नाही. तो घडला तर मज्जेत वाढणाऱ्या, अजून केंद्रक असलेल्या पूर्वपेशींवर घडेल, आणि तशा सशक्त पेशींचे प्रमाण रक्तात लक्षणीय होण्यास कित्येक आठवडे लागतील. चौदा दिवसांचा प्रायमाक्विनचा उपचार सुरू होणाऱ्या दिवशी घेतलेला काढा या मार्गाने उपयोगी पडणार नाही, हे यावरून उघड होते.

पाचवी कसोटी मात्रेची आहे. उंदरासाठी वापरलेली मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तिला सुमारे ६.२ ने भागण्याचा प्रघात आहे. उंदराला दर किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर माणसाला दर किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क द्यावा लागेल. वाळलेल्या पानाच्या दहाव्या हिश्शाइतका अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी रोज सुमारे ४० ग्रॅम वाळलेली पाने लागतील. शेवग्याच्या पानांची भाजी आठवड्यातून दोनदा खाणे हा चांगला आहार आहे, मात्र प्रयोगातील मात्रेशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. त्यातच बहुतेक पॉलिफेनॉले आतड्यातून फार थोड्या प्रमाणात शोषली जातात, म्हणून परीक्षानळीत पेशींना वाचवणारी त्यांची तीव्रता रक्तात क्वचितच गाठली जाते.

मुंबईतून निघालेला एक पूर्ण प्रवास

नैसर्गिक अर्कापासून खात्रीच्या औषधापर्यंतचा प्रवास शक्य आहे, याचा उत्कृष्ट पुरावा रक्तक्षयाच्याच इतिहासात सापडतो आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. लुसी विल्स या ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञ १९२८ मध्ये मुंबईत आल्या, त्या गरोदर स्त्रियांमधील, विशेषतः कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांमधील, तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. विल्स यांनी आहाराची काटेकोर तपासणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्ट ही खरे तर बुरशी आहे, पण त्या अर्कातील गुणकारी घटकाचा शोध पुढे वनस्पतीपर्यंत पोहोचला. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून तो वेगळा केला आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने त्याचे कृत्रिम संश्लेषण साधले.

याच चमूच्या कामातून फोलेटला रोखणारी औषधेही जन्माला आली आणि त्यांतील मेथोट्रेक्सेट आज कर्करोगासाठी, तसेच संधिवातासाठी जगभर दिले जाते. मेथोट्रेक्सेटमुळे होणारी रक्ताची हानी टाळण्यासाठी संधिवाताच्या रुग्णांना सोबत फोलिक आम्ल देतात, आणि कर्करोगात मोठ्या मात्रेनंतर त्याचेच सक्रिय रूप असलेले फोलिनिक आम्ल देतात. औषधजन्य रक्तक्षयापासून संरक्षण देणाऱ्या उपायांपैकी सर्वांत भक्कम पुराव्याचा उपाय अशा रीतीने पालकाच्या पानात ओळखल्या गेलेल्या एका रेणूपासून आलेला आहे. तो भक्कम ठरला, कारण रेणू कोणता हे निश्चित झाले, औषध त्याच्याच कार्यात अडथळा आणते हे कळले आणि किती मात्रा कोणत्या वेळी दिली असता मूळ औषधाचा गुण टिकून राहतो हे माणसांवर तपासले गेले.

माणसांवर पोहोचलेला अर्क

संपूर्ण अर्क रूपातच तांबड्या पेशीचे औषध म्हणून पुढे आलेले उदाहरण नायजेरियातील निप्रिसान हे आहे. ज्वारी, लवंग, मिरीच्या कुळातील एक आफ्रिकी वनस्पती आणि रक्तचंदनाच्या जातकुळीतील एक वृक्ष अशा चार वनस्पतींपासून पारंपरिक ज्ञानाच्या आधारे ते तयार करण्यात आले आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी, म्हणजे विदर्भातील व नंदुरबारमधील अनेक आदिवासी कुटुंबांना परिचित असलेल्या व्याधीसाठी, त्याची ८२ रुग्णांवर चाचणी झाली. रुग्णांना होणाऱ्या तीव्र वेदनांचे झटके त्यात कमी झाले, पण रक्तक्षयाच्या पातळीत फरक पडला नाही. पुढे त्याचे उत्पादन करणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मोठ्या चाचण्यांचा मार्ग खुंटला. लोकपरंपरेतील अर्क पद्धतशीर चाचणीपर्यंत नेता येतो, हे या उदाहरणाने दाखवले, आणि अर्काचा एक उपयोग सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही, हेही त्यानेच दाखवले.

आयुर्वेदातील पांडुरोगाचा विचारही याच दृष्टीने करावा लागतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाला स्वतंत्र अध्याय आहे आणि नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांसारख्या कल्पांत त्रिफळा, त्रिकटू, पुनर्नवा अशा वनस्पतींसोबत लोह असते. लोहाच्या अभावाने झालेल्या रक्तक्षयात लोह देणे तर्कसंगत आहे. पेशी फुटून होणाऱ्या रक्तक्षयात मात्र त्यांतील बहुतांश लोह शरीरातच राहते आणि मज्जा ते पुन्हा वापरते, त्यामुळे तेथे लोहाची भर घालून मूळ बिघाड दूर होत नाही. रक्त कमी झाले हे लक्षण एकच असले तरी कारणे अनेक असतात आणि उपचार कारणानुसारच ठरतो, ही शिस्त आयुर्वेदाच्या निदानपरंपरेलाही मान्य होण्यासारखी आहे.

वनस्पतींकडून होणारी हानी

वनस्पती तांबड्या पेशींचे रक्षण करू शकतात तशा त्यांची हानीही करू शकतात. जी६पीडी कमी असलेल्या व्यक्तीने भूमध्य प्रदेशातील फावा जातीचे घेवडे खाल्ले, तर त्यांतील व्हिसिन व कॉनव्हिसिन या घटकांमुळे तीव्र रक्तविलयन होते. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेतून शोषले जाते आणि विकर कमी असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्याने गंभीर रक्तविलयन झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. आर्टेमिसिया या वनस्पतीतील रेणूपासून बनवलेले आर्टेसुनेट हे हिवतापावरील प्राणरक्षक औषध आहे, आणि तीव्र हिवतापात ते दिल्यानंतर एक ते काही आठवड्यांनी काही रुग्णांत उशिराचे रक्तविलयन आढळते.

वनस्पतीची ओळख आणि शुद्धता यांचाही प्रश्न असतो. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची खातरजमा झाली नसल्याचा आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी घेतलेल्या अर्कात नेमके काय आहे हे ठाऊक असणे अनिवार्य आहे, हाच त्याचा बोध आहे.

सर्वांत नाजूक मुद्दा मूळ औषधाच्या गुणाचा आहे. प्रायमाक्विन ज्या ऑक्सिकारक रसायनांमुळे तांबड्या पेशींना घातक ठरते, तीच रसायने दडलेल्या परजीवीला मारण्यासही कारण होतात, असे संशोधनातून दिसते. पेशीचे रक्षण करणारा अर्क परजीवीचेही रक्षण करणार नाही, हे आधी तपासले पाहिजे. ही भीती काल्पनिक नाही. ग्रीन टीमधील एक प्रमुख पॉलिफेनॉल बोर्टेझोमिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाला बांधून निष्प्रभ करते, असे २००९ मध्ये प्रयोगशाळेत व उंदरांवर दिसून आले. मिरीतील पिपेरिन काही औषधांची रक्तातील पातळी वाढवते, आणि ज्या औषधाची हानी मात्रेनुसार वाढते त्याच्या बाबतीत अशी वाढ धोक्याची ठरते.

आजची स्थिती

डॅप्सोनच्या बाबतीत सिमेटिडिन हे आम्लपित्तावरील औषध यकृतातील घातक रसायनाची निर्मिती कमी करते, असे माणसांवरील अभ्यासांत दिसले आहे. हानीची पायरी आधी ओळखून तिच्यावर नेमका उपाय शोधण्याची ही पद्धत वनस्पतींच्या संशोधनानेही स्वीकारली पाहिजे. सागाच्या, ज्वारीच्या किंवा शेवग्याच्या अर्काने उंदरात दाखवलेला गुण हा संशोधनाचा आरंभबिंदू म्हणून मोलाचा आहे. त्यातील कार्यकारी रेणू ओळखणे, प्रत्येक खेपेला त्यांचे प्रमाण सारखे ठेवणे, फिनाइलहायड्राझिनऐवजी रुग्णांना प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या औषधांविरुद्ध त्यांची परीक्षा घेणे आणि अखेर रुग्णांवर नियंत्रित चाचणी करणे, एवढा मार्ग अजून चालायचा आहे. भारतात वनस्पतींचे ज्ञान आहे, औषधनिर्मितीची क्षमता आहे आणि हिवताप, कुष्ठरोग व जी६पीडीची कमतरता हे प्रश्नही येथेच आहेत, म्हणून हे काम येथे होणे अगत्याचे आहे.

तोपर्यंत संरक्षणाचे सिद्ध उपाय साधे आहेत. प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन सुरू करण्यापूर्वी शक्य तेथे जी६पीडीची तपासणी करून घ्यावी, उपचार चालू असताना हिमोग्लोबिन वेळोवेळी मोजून घ्यावे आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने डॉक्टरांनी सांगितलेले फोलिक आम्ल चुकवू नये. लघवी काळपट तांबडी झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा थोड्या श्रमाने धाप लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण प्रायमाक्विनसारखे औषध अशा वेळी तातडीने थांबवावे लागते. ही लक्षणे नसताना कुष्ठरोगाचे वा हिवतापाचे औषध भीतीपोटी मनाने बंद करू नये. औषधासोबत कोणताही काढा, चूर्ण किंवा अर्क घेत असल्यास तो नैसर्गिक आहे म्हणून लपवून न ठेवता डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावा, कारण तांबड्या पेशीच्या दृष्टीने पानातील रेणू आणि गोळीतील रेणू यांत भेद नसतो आणि दोहोंचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.